एकाच कम्प्युटरवर दोन विंडोज: जुनं काढण्याआधी बूट कुठून होतं ते बघा

नागपुरात सिव्हिल लाइन्सला जिल्हा कोर्टाजवळ प्रतिज्ञापत्रं आणि नोटिसा टाइप करून देणारे एक काकाजी आहेत. मे महिन्यात भर दुपारी त्यांचा फोन आला. "बेटा, हा रोज सकाळी दोन-दोन विंडोज दाखवून राहिला. चुकून खालचं दाबलं का माझं सगळं काम गायब!"

जाऊन बघितलं. निळ्या पडद्यावर एकाखाली एक "विंडोज १०" आणि "विंडोज १०", अक्षराचाही फरक नाही. ३० सेकंदांत काही दाबलं नाही तर मशीन आपलं आपण एक निवडायचं. काकाजींनी मॉनिटरच्या कडेला पांढरी पट्टी चिकटवून तिच्यावर पेनाने "वरचं" लिहून ठेवलं होतं.

मशीन हळू चालतं म्हणून त्यांना कोणीतरी २४० जीबीची एसएसडी, म्हणजे जलद चालणारी डिस्क, बसवून तिच्यावर नवीन विंडोज टाकून दिलं होतं. जुनी ५०० जीबीची हार्ड डिस्क जुन्या विंडोजसकट तशीच जोडलेली राहिली. आणि "वरचं" म्हणजे जुनं. एसएसडीचे पैसे देऊनही काकाजी रोज त्या हळू डिस्कवरच काम करत होते. त्याचं कारण पुढे सांगते.

जुनं विंडोज काढणं अवघड नाही, पण क्रम चुकला तर मशीन चालूच होत नाही. माझ्याकडून हे एकदा झालं आहे. महाल भागातल्या एका घरी मी जुनी डिस्क काढून आणली आणि माझ्या मशीनवर पूर्ण साफ केली. तिकडे त्यांचा कम्प्युटर "बूट डिव्हाइस सापडत नाही", म्हणजे सुरू व्हायला डिस्कच मिळत नाही, म्हणून थांबला, आणि त्यांच्या मुलीला प्रवेशाचा फॉर्म भरायला दुसरीकडे जावं लागलं. त्याचं मला अजून वाईट वाटतं. म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

आधी ओळख पटवा

स्टार्टच्या बटणावर राइट क्लिक करून डिस्क मॅनेजमेंट उघडा. ड्राइव्हच्या अक्षरांवर भरवसा ठेवू नका. ज्या विंडोजमध्ये तुम्ही बसला आहात ते बहुतेक वेळा स्वतःलाच सी म्हणतं आणि दुसऱ्याला डी. दुसऱ्यात गेलात की तेच उलटं. डिस्क ओळखायची ती आकारावरून: ही २४०ची, ही ५००ची.

आता प्रत्येक पार्टिशनखाली, म्हणजे डिस्कच्या प्रत्येक तुकड्याखाली, बारीक अक्षरात काय लिहिलं आहे ते वाचा. "बूट" जिथे लिहिलं आहे तिथे सध्या चालू असलेलं विंडोज आहे. मशीन सुरू करणाऱ्या फायली मात्र त्यात नसतात. त्या असतात "ईएफआय सिस्टिम पार्टिशन" लिहिलेल्या छोट्या तुकड्यात, बहुतेक वेळा १०० एमबीच्या. ही नावं उलटी वाटतात आणि घोळ इथेच होतो. माणूस "बूट" वाचतो आणि समजतो की एसएसडीवर सगळं आहे.

काकाजींकडे नवीन विंडोज एसएसडीवर होतं, पण १०० एमबीचा तो तुकडा जुन्या डिस्कवर. विंडोज टाकताना जुनी डिस्क जोडलेली असेल आणि तिच्यावर असा तुकडा आधीच असेल, तर इन्स्टॉलर तोच वापरतो, एसएसडीवर नवीन करत नाही. म्हणजे एसएसडीवरचं विंडोजसुद्धा रोज जुन्या डिस्कच्या दारातून आत येत होतं.

मग सामान काढा

जुन्या विंडोजमधलं डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स आणि डाउनलोड्स तीनही फोल्डर पेन ड्राइव्हवर घ्या. नवीन विंडोजमध्ये बसून बघितलं तर ते बहुतेक वेळा डी ड्राइव्हमध्ये यूजर्सच्या आत सापडतात. परवानगी नाही असं म्हटलं तर कंटिन्यू दाबून थांबा, वेळ लागतो.

मराठी टायपिंगवाल्यांनी आणखी एक गोष्ट घ्यायची, ती म्हणजे फॉन्ट. काकाजींचं इतक्या वर्षांचं काम कृतिदेवमध्ये होतं. अशा फाइलमध्ये खरं तर इंग्रजी अक्षरं साठवलेली असतात, देवनागरी आकार फॉन्ट देतो. फॉन्ट नसेल तर "प्रतिज्ञापत्र" या शब्दाच्या जागी इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा खिचडा दिसतो. नवीन विंडोजमध्ये कृतिदेव नव्हता, म्हणून काकाजींना वाटायचं की खालचं दाबलं की काम खराब होतं. जुन्या विंडोजच्या फॉन्ट्स फोल्डरमधून ते फॉन्ट उचलले, नव्यात राइट क्लिक करून इन्स्टॉल केले आणि एक जुनी नोटीस उघडून दाखवली. काकाजींनी चष्मा पुसून पूर्ण पान वाचलं. "हेच तं पाहिजे होतं," म्हणाले.

ड्राइव्हवर कुलपाचं चिन्ह दिसत असेल तर बिटलॉकर, म्हणजे डिस्कला कुलूप लावणारी विंडोजची सोय, चालू आहे. त्याची ४८ आकडी रिकव्हरी की आधी कागदावर उतरवून ठेवा आणि बिटलॉकर सस्पेंड करा.

बूटचा तुकडा एसएसडीवर आणा

मशीन यूपीएसवर घ्या. उन्हाळ्यात आपल्याकडे कूलर लागले की लाइन कधी जाईल सांगता येत नाही, आणि पार्टिशनचं काम अर्धवट राहून चालत नाही.

नवीन विंडोजमध्ये या. डिस्क मॅनेजमेंटमध्ये सी वर राइट क्लिक, श्रिंक व्हॉल्यूम, आकडा ३००. शेवटी थोडी काळी रिकामी जागा दिसेल. आता कमांड प्रॉम्प्ट अॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडा. फोनवर सांगते तसं सांगते, तुम्ही इंग्रजीत टाइप करा. प्रत्येक ओळीनंतर एंटर.

डिस्कपार्ट.
लिस्ट डिस्क. इथे आकार बघून एसएसडीचा नंबर घ्या.
सिलेक्ट डिस्क, आणि तो नंबर. पुन्हा लिस्ट डिस्क करा, निवडलेल्या डिस्कशेजारी चांदणी दिसते. चांदणी एसएसडीवर नसेल तर पुढे जाऊ नका.
क्रिएट पार्टिशन ईएफआय साइझ बरोबर २६०. "बरोबर" म्हणजे बरोबरचं चिन्ह.
फॉरमॅट क्विक एफएस बरोबर फॅट३२.
असाइन लेटर बरोबर एस.
एक्झिट.

आणि सगळ्यात महत्त्वाची ओळ: बीसीडीबूट, एक जागा, सी कोलन बॅकस्लॅश विंडोज, जागा, स्लॅश एस, जागा, एस कोलन, जागा, स्लॅश एफ, जागा, यूईएफआय. "बूट फायली यशस्वीपणे तयार झाल्या" अशा अर्थाची इंग्रजी ओळ आली पाहिजे.

हे सगळं यूईएफआय (मशीन सुरू करण्याची नवी पद्धत) आणि जीपीटी (डिस्कच्या तुकड्यांची नोंद ठेवण्याची नवी पद्धत) असलेल्या मशीनसाठी आहे. डिस्क मॅनेजमेंटमध्ये ईएफआयचा तुकडा कुठेच दिसत नसेल तर तुमचं मशीन जुन्या पद्धतीचं आहे. त्यावर या ओळी चालवू नका.

आता कसोटी

मशीन बंद करा, प्लग काढा, बाजूचं झाकण उघडून जुन्या डिस्कची सॅटा केबल ओढून काढा. चालू करा. गरज पडली तर बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या मशीनच्या सेटिंगमध्ये, एसएसडी पहिल्या नंबरवर ठेवा. मेन्यू न येता सरळ विंडोज उघडलं तर काम झालं. नाही उघडलं तरी काही बिघडलं नाही: केबल परत लावा, मशीन पहिल्यासारखं सुरू होईल. ही पायरी कोणीही गाळू नये.

ज्यांचा ईएफआयचा तुकडा आधीपासूनच एसएसडीवर आहे, त्यांना एवढं करायची गरज नाही. विंडोजचं बटण आणि आर दाबून एमएसकॉन्फिग लिहा, बूट टॅबमध्ये राहणारं विंडोज डिफॉल्ट करा, दुसरं निवडून डिलीट करा. पण याने फक्त मेन्यूतलं नाव जातं. जुनं विंडोज डिस्कवर तसंच जागा अडवून बसतं. उलट, डिस्क कधीच फॉरमॅट झालेली असेल आणि नुसतं नाव उरलं असेल, तर एवढंच पुरतं.

सी मध्ये "विंडोज डॉट ओल्ड" नावाचं फोल्डर दिसलं तर ते दुसरं विंडोज समजू नका. अपग्रेड केल्यावर मागे फिरता यावं म्हणून ते ठेवलेलं असतं. डिस्क क्लीनअपमधून काढता येतं.

काकाजींची डिस्क मी आठ दिवस काढूनच ठेवली. त्या आठ दिवसांत त्यांना दोन फाइली आठवल्या, त्या ईमेलच्या जोडपत्रांच्या फोल्डरमध्ये होत्या. त्या काढून दिल्या. मग डिस्क परत जोडली, बायोसमध्ये एसएसडीच पहिली आहे ना ते बघितलं, आणि डिस्कपार्टमध्ये ५०० जीबीवाली निवडून, चांदणी दोनदा बघून, क्लीन दिलं. ईएफआयचा तुकडा डिस्क मॅनेजमेंटमधून डिलीट होत नाही, म्हणून क्लीन लागतं. ते त्या डिस्कवरचं सगळं एका झटक्यात घालवतं आणि परत विचारत नाही. नंतर एकच मोठा व्हॉल्यूम केला, त्याला "बॅकअप" नाव दिलं, आणि काकाजींनी स्वतःच्या हाताने नोटिसांचं फोल्डर त्यात कॉपी केलं.