गावात चित्रकारांचे मंडळ उभे करताना

जिल्ह्याच्या किंवा तालुक्याच्या गावात चित्रकारांचे मंडळ काढायचे ठरले, की पहिली बैठक बहुधा नाव आणि बोधचिन्ह यांतच संपते. त्याआधी एक गोष्ट कागदावर उतरवावी. रविवारी रंगपेटी उघडणारा बँकेतला कर्मचारी आणि चित्रविक्रीवर घर चालवणारा चित्रकार यांच्या मंडळाकडून असलेल्या अपेक्षा सारख्या नसतात. हौशी चित्रकाराला सोबत, प्रात्यक्षिके आणि आपले चित्र पाहून मोकळेपणाने बोलणारे कोणीतरी हवे असते. व्यावसायिकाला भिंत, ग्राहक आणि वेळेवर हातात पडणारी रक्कम हवी असते. नियमावलीत या दोन्ही गरजांची नोंद नसेल, तर मंडळ हळूहळू एकाच गटाचे होऊन बसते.

नोंदणीचे काम किचकट वाटले तरी ठरावीक आहे. संस्था नोंदणी अधिनियम, १८६० नुसार किमान सात सदस्य, विधानपत्र (संस्थेचे नाव आणि उद्देश सांगणारा दस्तऐवज) आणि नियमावली लागते. महाराष्ट्रात त्याबरोबरच सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० खालीही नोंदणी करावी लागते आणि दोन्हींसाठी धर्मादाय कार्यालयातच जावे लागते. पुढे कार्यकारिणी बदलली, की बदल अर्ज ९० दिवसांच्या आत दाखल करावा. हा अर्ज वर्षानुवर्षे राहून गेल्यामुळे कागदोपत्री जुनीच कार्यकारिणी चालू असलेल्या संस्था थोड्या नाहीत.

सदस्य हौशी की व्यावसायिक, हे पदविकेवरून ठरवू नये. खरी अडचण कलाशिक्षकांची असते : शिक्षण पूर्ण झालेले, हात तयार, पण उत्पन्न पगाराचे. अर्जावर सदस्याने स्वतःच विभाग निवडावा आणि निवडलेला विभाग दोन वर्षे बदलता येऊ नये, एवढा नियम पुरतो. पारितोषिके दोन्ही विभागांना स्वतंत्र द्यावीत, चित्रे मात्र एकाच भिंतीवर मिसळून लावावीत. हौशी मंडळींना जिन्याखालचा कोपरा दिला, की पुढच्या वर्षी त्यांची वर्गणी येत नाही.

वार्षिक प्रदर्शन हा मंडळाचा कणा आहे. १८८८ मध्ये स्थापन झालेल्या बॉम्बे आर्ट सोसायटीचा दबदबा तिच्या वार्षिक प्रदर्शनावर आणि पदकांवर उभा राहिला. १८९५ मध्ये म. वि. धुरंधरांना आणि १९३७ मध्ये अमृता शेरगिल यांना तिचे सुवर्णपदक मिळाले. याच सोसायटीच्या मुंबईतील रॅम्पार्ट रोवरील दालनात १९४९ मध्ये प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपचे प्रदर्शन भरले, म्हणजे प्रस्थापित अभिरुचीला आव्हान देणाऱ्यांनाही भिंत त्याच संस्थेची मिळाली. आपल्या मंडळानेही वर्षातले काही दिवस सभागृह अशा सदस्यांसाठी राखून ठेवावे, ज्यांची चित्रे कार्यकारिणीला मुळीच आवडत नाहीत.

निवड समिती तिघांची असावी आणि त्यांतले निदान दोघे बाहेरगावचे असावेत, कारण लहान गावात सही झाकली तरी हात ओळखू येतो. कार्यकारिणीच्या सदस्यांनी चित्रे जरूर लावावीत, पण स्पर्धेत उतरू नये. नाकारलेल्या चित्रांवर परीक्षकांनी अर्धा तास तोंडी बोलावे. हौशी चित्रकाराला या अर्ध्या तासाचा उपयोग प्रमाणपत्रापेक्षा अधिक होतो.

प्रदर्शन दिवाळीनंतर ते फेब्रुवारीपर्यंत भरवावे, कारण पावसाळ्यात जलरंगाच्या कागदावर बुरशी धरते. जलरंगाचे चित्र माउंट (चित्राभोवतीची पुठ्ठ्याची कड) लावून काचेखाली असावे, म्हणजे कागद काचेला चिकटत नाही. तैलरंग पुरता वाळलेला नसेल, तर चित्राच्या दर्शनी बाजूला प्लास्टिक गुंडाळून आणू नये, हे अर्जावरच छापावे. चित्र स्वीकारताना मागच्या बाजूला नाव, शीर्षक, माध्यम, आकार आणि किंमत यांची चिठ्ठी आहे ना, ते पाहावे. काचेला तडा किंवा चौकटीचा कोपरा निखळलेला असेल, तर तो चित्रकारासमोरच पावतीवर लिहून दोघांनी सही करावी. मंडळातली बहुतेक भांडणे या एका ओळीच्या अभावी होतात. चित्राचा मध्य जमिनीपासून साधारण १५० सेंटिमीटरवर येईल असे ते टांगावे आणि खिडकीसमोरच्या भिंतीवर काचेची चित्रे लावण्याचे टाळावे.

विक्रीतला मंडळाचा वाटा किती टक्के, चित्रकाराला रक्कम किती दिवसांत मिळेल, हे प्रवेशअर्जावर स्पष्ट असावे. चित्र विकले गेले, की चौकटीशेजारी लाल टिकली लावावी, पण आगाऊ रक्कम घेतल्याशिवाय ती लावू नये. उद्घाटनाच्या उत्साहात दिलेला शब्द समारोपापर्यंत टिकेलच असे नसते. ग्राहकाला चित्र विकल्याने त्याचा स्वामित्वहक्क (कॉपीराइट) विकला जात नाही, त्यासाठी लेखी करार लागतो, हे विक्रीच्या पावतीवर नमूद करावे. मोबदला देऊन कोणी व्यक्तिचित्र काढून घेतले, तर गोष्ट उलटी असते : वेगळा करार नसल्यास स्वामित्वहक्क ते काढून घेणाऱ्याचा ठरतो. त्यामुळे अशी कामे मंडळामार्फत येत असतील, तर एक पानी करारनाम्याचा नमुना कार्यालयात तयार ठेवावा.

प्रदर्शन संपल्यावर चित्रे मूळ पावती घेऊनच परत द्यावीत. ठरलेल्या मुदतीत न नेलेल्या चित्रांचे काय करायचे, तेही त्याच पावतीच्या मागे छापलेले असावे. नाहीतर चिटणिसाच्या घरातला पलंगाखालचा भाग मंडळाचे कायमचे भांडार होऊन बसतो.