वनराई बंधारा बांधा, पण माप-हिशेब पोरांच्या हाती द्या

राष्ट्रीय सेवा योजनेत विद्यार्थ्याला वर्षाला 120 तास काम करावं लागतं, शिवाय सात दिवसांचं एक विशेष शिबिर. तास भरतात, पण त्यातून पोरगं घडतंच असं नाही. नुसती घमेली उचलायला लावली तर ती दिवसभर राबतात, संध्याकाळी फोटो काढतात आणि विसरतात. निर्णय अंगावर पडला की मात्र डोकं चालू लागतं. त्यासाठी खानदेशात वनराई बंधारा, म्हणजे सिमेंटच्या रिकाम्या पोत्यांत माती-वाळू भरून नाल्यावर घातलेला तात्पुरता बांध, उत्तम. खर्च कमी, काम दोन दिवसांचं, आणि चुकलं तर पाणी तिथल्या तिथे दाखवून देतं.

पहिली चूक वेळेची होते. शिबिरं बहुधा डिसेंबर-जानेवारीत लागतात. तोवर पारोळा, अमळनेर, साक्रीकडचे कितीतरी लहान नाले आटलेले असतात, मग अडवायचं काय? पाऊस थांबून धार बारीक झाली की, म्हणजे ऑक्टोबरच्या रविवारी, नियमित तासांतच काम उरका. परीक्षा आड येतेच, म्हणून जागा ऑगस्टमध्ये ठरवून ठेवा.

जागा शोधायला चौघांना गावात पाठवा, सरांनी सोबत जाऊ नये. एक जण अहिराणी बोलणारा हवाच. ‘आबा, नालामा पानी कितला दिन ऱ्हास?’ (नाल्यात पाणी किती दिवस राहतं?) असं विचारलं की म्हातारी माणसं ओट्यावर बसवून घेतात. वर्गात गप्प बसणारं खेड्यातलं पोर इथे पुढारी होतं आणि शहरातलं त्याच्याकडून शिकतं. अक्कलकुवा-धडगावकडे हेच काम भिली किंवा पावरी बोलणाऱ्याला द्या. सरपंचांना भेटून ग्रामपंचायतीची संमती, खालच्या अंगाच्या शेतकऱ्यांचा होकार आणि जमीन वनखात्याची असेल तर त्यांची परवानगी, हेही पोरांनीच मिळवायचं. नकार आला तर येऊ द्या. दुसऱ्यांदा जाऊन काय बोलायचं हे त्यांना तेव्हाच सुचतं.

आता माप. नाला 6 मीटर रुंद, बांध 1 मीटर उंच, तळाशी 2 मीटर आणि माथ्याला 80 सेंटिमीटर जाड धरला, तर साधारण साडेआठ घनमीटर भराव लागतो. सिमेंटचं रिकामं पोतं पाऊण भरलं की त्यात अंदाजे 0.03 घनमीटर मावतं. म्हणजे 280 पोती, फाटकी-तुटकी धरून 300. हा हिशेब फळ्यावर सांगू नका, टेप देऊन नाल्यात उभं करा. भरलेलं पोतं 40 किलोच्या वर जातं, म्हणून दोघांनी मिळून उचलायचं. तीस जणांना दोन दिवस पुरतात.

पाया उघडा करताना घाई होते आणि बांध तिथेच फसतो. वाळूवर पोती रचली की पाणी खालून निघून जातं. मुरूम किंवा कडक थर लागेपर्यंत वाळू काढा, दोन्ही काठांत अर्धा मीटर खाच घ्या. पोत्यांची तोंडं दाभण-सुतळीने शिवा, विटांसारखी सांधेमोड करून रचा, फटींत चिकणमाती ठासा. पोतं गच्च भरलं तर गोल होतं, बसत नाही. दगड उचलण्याआधी काठीने हलवा, खाली विंचू असतो. ऑक्टोबरचं ऊन फसवं असतं, माणशी चार लिटर पाणी ठेवा.

कामं रोज फिरवा. आज पोती मोजणारी उद्या खर्चाची वही लिहील, परवा गावकऱ्यांशी बोलेल. रात्री प्रत्येकाने तीनच ओळी लिहायच्या: काय ठरवलं, काय चुकलं, कुणाचं ऐकायला हवं होतं. कौतुकाची वाक्यं खोडा. प्रमाणपत्राची भाषा त्यात फार लवकर शिरते.

बांध झाल्यावर दोघांनी दर आठवड्याला पाण्याची खोली मोजून तारखेसह वहीत नोंदवावी. उन्हात पोती एका हंगामात विरतात, म्हणून मे अखेरीस तीच मुलं परत नेऊन ती काढून घ्या, नाहीतर पहिल्याच पुरात प्लास्टिकच्या चिंध्या खालच्या शेतांत पसरतात. या दिवशी कोण येतं आणि कोण येत नाही, हे वहीत नक्की लिहा.