सिंगापूरचं मारिअम्मन मंदिर: कसं बघाल

मुलीकडे सिंगापूरला गेले की या देवळात एक फेरी ठरलेली. पहिल्या वेळी मात्र भर दुपारी पोचले आणि बंद दारापाशी घाम पुसत उभी राहिले. म्हणून सांगते, सकाळी बाराच्या आत जा, नाहीतर थेट सहानंतर.

चायनाटाउन स्टेशनवर उतरून पगोडा स्ट्रीटनं सरळ चालत राहा. चिनी वस्तीत पगोडा कुठला? देवळाच्या दारावरचं उंच शिखर, म्हणजे गोपूर, तोच हा 'पगोडा', म्हणून गल्लीला हे नाव. आत शिरायच्या आधी वर मान करून निवांत बघा. देवदेवतांच्या गर्दीत खाकी कपड्यातला शिपाईही उभा आहे, मला तो नातीनं दाखवला.

चपला बाहेर काढा. फरशी तापते, एवढं लक्षात ठेवा. मोठ्या दारावर ओळीनं छोट्या घंटा आहेत, एक तरी वाजवूनच आत जा.

१८२७ साली नारायण पिळ्ळै या तमिळ व्यापाऱ्यानं हे देऊळ उभं केलं. देवी मारिअम्मन रोगराईपासून राखणारी, म्हणजे आपली मरीआईच म्हणा. नागपट्टिनम, कडलूरकडून आलेल्या तमिळ कामकऱ्यांना परमुलखात तिचाच आधार.

गाभाऱ्यानंतर द्रौपदीचं देऊळ चुकवू नका. दिवाळीच्या आधी निखाऱ्यांवरून चालण्याचा 'तीमिती' उत्सव तिच्याच नावानं होतो. भाविक सेरंगून रोडच्या पेरुमाळ मंदिरातून चार किलोमीटर चालत येतात. त्या दिवशी लहान मुलांना नेऊ नका, गर्दी झेपत नाही.