सोसायटीचा एसटीपी (सांडपाणी शुद्ध करणारा प्लँट) खरंच चालतोय का, कसं बघायचं

पुण्यात एसटीपी असलेल्या सोसायट्या भरपूर, पण लाईटबिल वाचवायला ब्लोअर (टाकीत हवा सोडणारं मशीन) बंद ठेवला की मैलापाणी तसंच नाल्यातून मुळा-मुठेत, पुढे भीमेतून उजनीत. त्यामुळे कमिटीवर असाल तर ऑपरेटरच्या रजिस्टरवर विसंबू नका, स्वतः खाली उतरून बघा.

आधी एअरेशन टँक, म्हणजे जिथे हवा सोडून बॅक्टेरियांकडून घाण खाऊन घेतात ती टाकी. पाणी चॉकलेटी आणि वास ओल्या मातीसारखा असेल तर ठीक, काळं पडून सडक्या अंड्यासारखा वास आला म्हणजे ऑक्सिजन पोचत नाहीये. मग त्याच टँकचं पाणी १ लिटरच्या मेजरिंग सिलिंडरमधे घ्या (हातमोजे घालून हां!) आणि ३० मिनिटं अजिबात न हलवता ठेवा, गाळ खाली बसून वरचं पाणी नितळ दिसलं पाहिजे. गाळ जेमतेम ५० मिली असेल तर बॅक्टेरिया कमी पडतायत, ८००-९०० वर अडकला तर गाळ नीट बसत नाहीये. एमबीबीआर प्रकारच्या प्लँटला मात्र हे आकडे लावू नका, तिथे बॅक्टेरिया प्लास्टिकच्या तुकड्यांवर (मीडिया) चिकटलेले असतात.

अधूनमधून आउटलेटचं सँपल बर्फात ठेवून त्याच दिवशी लॅबला द्या आणि बीओडीचा (घाण कुजवायला बॅक्टेरियांना किती ऑक्सिजन लागतो त्याचा) आकडा कन्सेंटमधल्या (प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या परवानगीतल्या) मर्यादेशी ताडून बघा. ही टेस्ट २७ डिग्रीला ३ दिवस चालते, सो दुसऱ्याच दिवशी रिपोर्ट हातात आला तर लॅब बदला.