लिव्हरला फायब्रोसिस निघालाय आणि काढा सुरू करायचाय? मग आधी हे बघा

रिपोर्टमध्ये फायब्रोसिस (लिव्हरमध्ये व्रण पडून ते कडक होणं) आलं की घरातला प्रत्येकजण एकेक झाडपाला सुचवतो, भुईआवळी घे, कुटकी घे, पुनर्नवा घे. घ्यायचंच असेल तर निदान रीतसर घ्या.

पहिलं म्हणजे व्रण कशाने पडतायत ते शोधा. हेपॅटायटिस बी, सी, दारू की फॅटी लिव्हर? कारण तसंच चालू राहिलं तर काढा काय करणार. सी असेल तर गोळ्यांनी बहुतेकांचा साधारण 12 आठवड्यांत जातो, फॅटी असेल आणि वजन जास्त असेल तर 10 टक्के वजन उतरवल्यावर बऱ्याच जणांचा फायब्रोसिसही कमी होतो, हे कुठल्याही पुडीपेक्षा पक्कं.

मग फायब्रोस्कॅन (लिव्हर किती कडक झालंय ते मोजणारी तपासणी) करा, 3 तास उपाशी राहून, आणि किलोपास्कलचा, म्हणजे कडकपणाचा, आकडा लिहून ठेवा. लोक एसजीपीटी (रक्त तपासणीतलं लिव्हरचं एन्झाइम) नॉर्मल आलं की खूश होतात, पण त्यावरून सूज उतरली एवढंच फारतर कळतं, व्रण गेला की नाही ते नाही.

आता औषधी. सगळ्यात जास्त अभ्यास झालाय तो सिलिमरिनचा, म्हणजे मिल्क थिसल या वनस्पतीच्या बियांच्या अर्काचा. मलेशियात फॅटी लिव्हरची सूज असलेल्यांना 700 मिग्रॅ दिवसातून तीनदा असं 48 आठवडे दिलं, मुख्य उद्दिष्ट काही साधलं नाही पण फायब्रोसिस थोडा कमी झाल्याची चिन्हं दिसली. म्हणजे आशा आहे, खात्री नाही. कुटकीचं बरंचसं काम उंदरांवरचंच. आणि गुळवेल मनाने घेऊच नका, कोविडच्या काळात मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्यांचं लिव्हर बिघडल्याच्या केसेस छापल्यात. आयुष मंत्रालय म्हणालं ती दुसरीच सारखी दिसणारी वेल असेल, पण बाजारातली पावडर बघून तुम्ही-आम्ही कसं ओळखणार?

अजून एक, कुमारी आसव, रोहितकारिष्ट लिव्हरसाठीच देतात पण आसव-अरिष्टात आंबवण्यातून तयार झालेलं अल्कोहोल असतं, लेबल वाचा!

एका वेळी एकच औषध घ्या, पुडी-बाटलीचा फोटो काढून लिव्हरच्या डॉक्टरांना दाखवा, एलएफटी (लिव्हरची रक्त तपासणी) औषध सुरू करायच्या आधी आणि महिन्याभराने करा. सिरोसिस (फायब्रोसिसची शेवटची पायरी) असेल तर त्यांना विचारल्याशिवाय काहीच नको. डोळे पिवळे, लघवी गडद, अंगाला खाज, यातलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी बंद करा आणि डॉक्टरांकडे जा, वैद्यांच्या पुढच्या तारखेची वाट बघू नका.