डंखरहित मधमाश्यांचा मध आणि प्रोपोलिस : पारख, साठवण आणि वापर

डंखरहित मधमाशी, जिला मराठीत पोया असेही म्हणतात, आपला मध षट्कोनी पोळ्यात भरत नाही. मेण आणि झाडांची राळ एकत्र मळून केलेल्या लहान गाडग्यांत ती तो साठवते. औषधी गुणांचा विचार करताना ही राळ सतत नजरेसमोर ठेवावी, कारण या मधाची अँटिऑक्सिडंट क्षमता, म्हणजे पेशींना अपाय करणारे मुक्त कण निष्प्रभ करण्याची ताकद, मुख्यतः वनस्पतींकडून आलेल्या फिनॉलिक आम्ल आणि फ्लॅव्होनॉइड या संयुगांवर अवलंबून असते. साहजिकच भोवतालची झाडे बदलली की मधाचे गुणही बदलतात आणि एका ठिकाणच्या मधाचा अहवाल दुसऱ्या ठिकाणच्या मधाला लावता येत नाही.

खरेदी करताना दाटपणावरून पारख करू नये. नेहमीच्या मधात पाण्याचे प्रमाण साधारणपणे २० टक्क्यांच्या आत असते, तर या मधात ते बहुधा २५ ते ३५ टक्के आढळते. त्यामुळे तो पातळ आणि आंबट असणे हे भेसळीचे लक्षण नव्हे; उलट पाकासारखा घट्ट आणि नुसता गोड मध या नावाने मिळाला, तर विक्रेत्याला चार प्रश्न विचारावेत. पाण्यात थेंब सोडून पाहण्याची घरगुती चाचणी येथे निरुपयोगी ठरते. मध कसा काढला, हेही विचारावे: गाडगी पिळून काढलेल्या मधात पराग आणि अळ्यांचे अवशेष मिसळतात, तर सिरिंजने किंवा लहान पंपाने ओढून घेतलेला मध स्वच्छ राहतो.

प्रयोगशाळेचा अहवाल हाती आला, तर तो थोडा सावधपणे वाचावा. डीपीपीएच या अँटिऑक्सिडंट क्षमता मोजणाऱ्या चाचणीत जांभळे द्रावण फिके पडते आणि निष्कर्ष ‘आयसी ५०’ (निम्मा परिणाम घडवायला लागणारे नमुन्याचे प्रमाण) या आकड्यात दिला असेल, तर आकडा जितका लहान तितकी क्षमता अधिक, हे उलटे गणित विसरू नये. एकूण फिनॉलिक घटक गॅलिक आम्लाच्या तुल्यांकात, म्हणजे ते किती गॅलिक आम्लाइतके भरतात अशा आकड्यात, मोजतात; पण त्यासाठी वापरले जाणारे फोलिन अभिकर्मक (रंग बदलून फिनॉलिक घटक दाखवणारे रसायन) काही शर्करांशी आणि क जीवनसत्त्वाशीही प्रतिक्रिया करते, म्हणून केवळ त्या एका आकड्यावर भाळण्यात अर्थ नाही. शिवाय परीक्षानळीत दिसलेली क्षमता शरीरात तशीच्या तशी दिसेल असे नसते. जाहिराती नेमका हाच फरक गाळतात.

जास्त पाण्यामुळे हा मध सहज आंबतो. तो काचेच्या बाटलीत, वर थोडी जागा सोडून, सुमारे ४ अंश सेल्सिअसला शीतकपाटात ठेवावा आणि झाकण अधूनमधून सैल करावे, नाहीतर साठलेल्या वायूने ते उडते. टिकावा म्हणून तापवू नये, कारण उष्णतेने ग्लुकोज ऑक्सिडेज हे विकर (एन्झाइम) निकामी होते. मधात जंतुरोधक हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होते ते याच विकरामुळे. उकळत्या चहात किंवा काढ्यात घालण्याऐवजी पेय कोमट झाल्यावर मध मिसळावा.

२०२० मध्ये या मधात ट्रेहॅल्युलोज नावाची शर्करा मोठ्या प्रमाणात असल्याचे संशोधकांनी दाखवले. ती रक्तात सावकाश उतरते आणि दातांनाही कमी अपायकारक मानली जाते. तरीही मध ही शर्कराच आहे. मधुमेह असलेल्यांनी तो दिवसभराच्या साखरेच्या हिशेबात धरावा आणि औषध बंद करण्याचे निमित्त करू नये. एक वर्षाखालील बाळाला बॉट्युलिझम या जिवाणूंमुळे होणाऱ्या गंभीर विषबाधेच्या धोक्यामुळे कोणताही मध चाटवू नये. खोल किंवा चिघळलेल्या जखमेवर घरातला मध लावणेही टाळावे. रुग्णालयात वापरला जाणारा मध गॅमा किरणांनी निर्जंतुक केलेला असतो.

प्रोपोलिस, म्हणजे माश्यांनी गोळा केलेली राळ, मधापेक्षा फिनॉलिक घटकांनी बरेच समृद्ध असते, आणि अपायाची शक्यताही तिथेच अधिक असते. अर्क करायचा असल्यास प्रोपोलिस गोठवून ठिसूळ करावे, कुटावे, एका भागास दहा भाग या प्रमाणात ७० टक्क्यांच्या खाद्यप्रतीच्या इथेनॉलमध्ये भिजवावे, अंधाऱ्या जागी आठवडाभर ठेवून रोज हलवावे आणि बारीक गाळणीतून गाळावे. औद्योगिक स्पिरिट अजिबात वापरू नये. माश्या राळेऐवजी कधी रंग किंवा डांबरही उचलतात, त्यामुळे वर्दळीच्या रस्त्यालगतच्या वसाहतीतले प्रोपोलिस घेऊ नये. अर्काचा एक थेंब कोपराच्या आतल्या बाजूस लावून दोन दिवस पाहावे. खाज किंवा पुरळ दिसल्यास तो पोटात घेण्याचा विचार सोडावा. मधमाश्यांच्या पदार्थांची ॲलर्जी असलेल्यांनी तो वापरूच नये आणि रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे.