दोन महिने उभ्या असलेल्या गाडीची बॅटरी उतरणे : माझा अनुभव

दर डिसेंबरात आम्ही लेकीकडे पुण्याला जातो. फेब्रुवारीत ग्वाल्हेरला, लष्कर भागातल्या घरी परतून किल्ली फिरवली की गाडीतून नुसता 'टक्' असा आवाज येत असे. शेजाऱ्यांच्या गाडीवरून जंप दिला, म्हणजे त्यांच्या बॅटरीला तारा जोडून गाडी सुरू केली, नवी बॅटरीही घेतली; तरी पुढच्या वर्षी तेच, आणि याचा फार मनस्ताप झाला. बंद गाडीतही घड्याळ, अलार्म आणि सेंट्रल लॉक थोडी वीज सतत ओढतात, शिवाय थंडीत बॅटरीची ताकद घटते, हे नंतर उमगले.

या वेळी आदल्या दिवशी चार्जरने बॅटरी पूर्ण भरली आणि काही तासांनी मल्टीमीटरवर 12.6 व्होल्ट दिसल्यावरच पुढे गेलो. 10 नंबरच्या पान्याने आधी काळी, म्हणजे ऋण तार काढली, मग लाल; क्रम उलटला आणि पाना बॉडीला टेकला, तर ठिणगी उडते. टर्मिनलवरचा पांढरट-हिरवा थर खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुतला, ते पुसून पूर्ण कोरडे केले आणि व्हॅसलीनचा हात फिरवला. ब्रेक चिकटू नयेत म्हणून हँडब्रेक सोडून चाकांना विटा लावल्या.

परतल्यावर मल्टीमीटरवर 12.5 व्होल्ट दिसले. लाल तार आधी व काळी नंतर जोडली, आणि गाडी पहिल्याच सेल्फला सुरू झाली; घड्याळ तेवढे पुन्हा लावावे लागले.